मेणातलं जोडवं

मी मेणाचा नमुना बोलतोय. जन्म कालचा, आणि आज दुपारी भट्टीत वितळून जायचं आहे. एवढ्याशा आयुष्यात सांगण्यासारखं काय असणार, म्हणता? ऐका तर खरं.

मला घडवलं समिधाने. पोशीर गावातल्या घरी खिडकीपाशी बसून ती दागिन्यांची डिझाइनं करते. आधी कागदावर चित्र, मग मेण कोरायचं, त्याभोवती प्लास्टर ओतायचं. भट्टीत मेण वाहून जातं आणि त्याच्या रिकाम्या जागेत चांदी उतरते. आम्ही गेल्याशिवाय दागिना येतच नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही; गुंगी आल्यासारखं छानच वाटतं.

शेजारच्या विमलबाईंच्या उजव्या पायातलं जोडवं लावणीच्या चिखलात गेलं. नवऱ्याला, कोंडाजींना, सांगायचा त्यांना धीर होईना. कोंडाजींची नजर गेलेली. फरशीवर वाजणाऱ्या जोडव्यांवरून बायको घरात कुठे आहे, ते त्यांना कळायचं. आता एकच पाय वाजू लागला.

“लंगडतेस का गं? पायाला काय झालंय, खरं सांग,” ते रोज विचारू लागले.

विमलबाईंनी गुपचूप सांगताच समिधाने हौसेने नवं जोडवं केलं. नक्षी काय, वळण काय! चांदी हातात आल्यावर कानशीने घासून घासून आणखी नाजूक केलं. विमलबाई ते घालून चालल्या, तर आवाजच नाही.

“देखणं हाय गं, पन मुकं हाय,” त्या म्हणाल्या. “काल म्हनाले, तू घरी बस, शेतावर मी जातो. दिसत नाय त्यांना. बांधावरून पडतील गं.”

समिधा ओशाळली. तिने विमलबाईंना पुन्हा पुन्हा चालायला लावलं आणि स्वतः डोळे मिटून डाव्या पायाचं जोडवं ऐकत राहिली. मग चित्र न काढताच तिने मला कोरलं. जाडजूड, खालून सपाट. मी काही रूपाने उजवा नाही, पण तिचा हात माझ्यावरून फार मायेने फिरला.

आता मी प्लास्टरच्या आत आहे. ऊब वाढतेय, डोळे जड होताहेत. मेणाला आवाज नसतो, त्यामुळे मी कसा वाजेन ते मला कधीच कळणार नाही.

समिधा, चांदी बाहेर आली की तुला ती ओबडधोबड दिसेल. हात शिवशिवतील. कानस लवकर खाली ठेव गं. आणि विमलबाई ते घालून घरात शिरतील तेव्हा लगेच परतू नकोस. ओटीवर जराशी थांब. कोंडाजी पायाचं काही विचारत नाहीत ना, एवढं माझ्यासाठी ऐक.