तीन आगाऊ सह्या

अतिदक्षता विभागात अठरा वर्षं नर्स आहे मी, आणि भिंगरीला बोटाला धरून मीच शिकवलं. खाटांमधून गरगर फिरायची म्हणून हे नावही मीच ठेवलेलं. तिनेच माझा केसाने गळा कापला. रडूबिडू येत नाही, नुसता संताप येतो.

सात नंबरला एक बस ड्रायव्हर होता. फुप्फुसं पार थकलेली, श्वास व्हेंटिलेटरवर. अशा माणसाला आम्ही दिवसातले सोळा तास पालथं झोपवतो. पाठीकडचं फुप्फुस मोकळं होतं, ऑक्सिजन चढतो. सकाळी आठला पाच जणांनी मिळून त्याला पालथं केलं. पण पालथं घातलं की सुटलो, असं नसतं बाई. दर दोन तासांनी मान दुसऱ्या बाजूला वळवायची, नाहीतर खालचा गाल आणि डोळा दबतो. एकीने नळी धरायची, दुसरीने डोकं फिरवायचं, आणि दोघींनी तक्त्यावर सह्या करायच्या.

त्याची बायको दाराशी उभी होती. "सिस्टर, त्यांच्या डोळ्यांना जपा हो," ती म्हणाली. "डोळे गेले तर गाडी गेली. मग हा माणूस जगून करणार काय?"

"मी स्वतः बघते," मी म्हटलं.

दहाला बघितलं. बाराला बघितलं, तेव्हा डावा गाल खाली घेतला. दीडला दोन नंबरच्या आजोबांचं हृदय थांबलं. त्यांना परत आणलं, तर लगेच खाली ऑपरेशनला न्यायचं ठरलं. त्यांच्याबरोबर मी निघाले, तेवढ्यात भिंगरी तक्ता घेऊन आडवी आली.

"ताई, दोन, चार आणि सहाची सही करून जा ना. तुम्ही काही लवकर येत नाही. मामांना घेऊन मान फिरवते मी."

मामा म्हणजे आमचे वॉर्डातले मदतनीस. त्यांची सही चालत नाही. केल्या मी तीन सह्या. अशा आगाऊ सह्या आम्ही सगळ्याच करतो. कुणी कबूल करणार नाही, ती गोष्ट वेगळी.

साडेसहाला वर आले. ड्रायव्हरचा डावाच गाल खाली. तीनदा फिरवलं असतं तर उजवा असायला हवा होता! डोकं उचललं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. गाल काळानिळा, पापणी मिटून ठेवणारी पट्टी सरकलेली, डोळा अर्धा उघडा आणि बुबुळावर पांढुरका डाग.

"फिरवलंच नाहीस?"

"मामांना तर तुम्हीच नेलंत आजोबांच्या ट्रॉलीबरोबर. एकटी कशी फिरवणार?" ती पुटपुटली. "आणि सह्या झालेल्याच होत्या, ताई."

"अगं, मग कुणाला हाक मारायचीस!"

तरी हिला सांभाळून घ्यायचं, असंच माझ्या मनात होतं. खुळी मी!

मेट्रनने दोघींना बोलावलं. भिंगरी साळसूदपणे म्हणाली, "ताई म्हणाल्या, आज मान फिरवू नकोस, ऑक्सिजन पडेल. तक्ता मी भरते, असंही त्याच म्हणाल्या. बघा ना, सह्या त्यांच्याच आहेत."

मी तक्ता बघितला. तिचा रकाना कोरा होता. तिन्ही घरांत मी एकटीच. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"सह्या माझ्या आहेत," मी म्हटलं, "पण मी तिथे नव्हते."

मेट्रनने तक्ता फाइलमध्ये घातला. "चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका. आणि डोळ्याचं त्याच्या बायकोला कुणीतरी सांगायला हवं."

"मी सांगते."

सगळं सांगायचं ठरवून बाहेर गेले. भिंगरीचं नाव घ्यायचं, एक शब्द गिळायचा नाही. बायको बाकावरून उठली. मी डोळ्याचं सांगितलं आणि घाईघाईने म्हटलं, "ती दुसरी नर्स होती ना, तिने…"

"कोण दुसरी?" ती माझ्याकडे बघत राहिली. "मी तर तुम्हाला सांगितलं होतं."