शून्य टक्के सूट

"वात वळताना घाई करू नको. अन् पाचशे म्हणलीस तर पाचशेच दे. देवापुढं जळायच्यात त्या."

माझ्या सासूबाई, गोजरबाई, जाऊन अकरा वर्षं झाली. पण रोज पहाटे अंघोळ करून, तोंडात पाणी घालायच्या आधी मी नेमाच्या एकशे आठ वाती वळायला बसते, तेव्हा हा आवाज कानाशी असतोच.

त्या वर्षी आषाढ लागला तरी आभाळ कोरडं होतं. सोयगावकडं कपाशी करपली, खुरपणीची कामं बंद पडली. माझी धाकटी जाऊ सखूबाई तिथंच राहते. तिच्यासकट सात बाया रिकाम्या बसल्या. माझी सून योगिनी म्हणाली, "आई, वाती ऑनलाइन विकू. त्या वळतील, मी पुडे भरून पाठवीन." इकडं शहरात, मुकुंदवाडीत आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी, कुरिअरवाला मात्र रोज दारात.

पाचशे वातींच्या पुड्यावर छापील किंमत चारशे. फोनवर त्या चारशेवर रेघ, शेजारी शंभर, अन् खाली लाल अक्षरांत 'पंच्याहत्तर टक्के सूट'.

"चारशेला कुणी नेला गं?" मी विचारलं.

"कुणीच नाही. नुसती दाखवायची असते, आई. सगळेच लावतात."

मी पुन्हा कापूस हातात घेतला. हळू बोलायचं, कुणाला दुखवायचं नाही, हा माझा स्वभाव. त्या वेळी मात्र तो चुकला.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी पुड्यावरच्या नंबरावर फोन आला. औरंगपुऱ्यातल्या मनकर्णाबाई. वयानं मोठ्या, आवाज खणखणीत.

"बाई, तुमचं कल्याण होवो! नात जिन्यावरून पडली होती, आता चालाया लागली. चार हजाराच्या वाती महादेवापुढं लावीन म्हणून बोलले होते. तुमचे दहा पुडे घेतले, झाले की चार हजार! अन् मला पडले हजारच. महादेवानंच सूट दिली बघा."

योगिनी समोरून हातानं खुणावत होती, बोलू नका. सात बायांच्या चुली त्या लाल अक्षरांवर पेटत होत्या. पण त्या माउलीचा नवस अर्धामुर्धा राहिला होता, अन् ते तिला ठाऊकच नव्हतं.

"मावशी," मी म्हणाले, "पुडा शंभराचाच हाय. चारशेला कधी कुणी घेतलाच नाय. ती किंमत आम्ही खोटी छापली."

पलीकडं त्या पुटपुटत हिशेब करू लागल्या.

"म्हंजे माझा नवस हजाराचाच झाला?"

"व्हय. तीस पुडे राहिले. ते मी देते. पैसे नको."

"वा गं शहाणे! फुकट घेतले तर नवस तुझा व्हईल का माझा?" त्या कडाडल्या. "पैसे मी देईन. पण शेवटच्या सोमवारी, पूजेच्या आधी, तू सोता आणून द्यायचे. कुरिअर नाय."

"आणते, मावशी."

फोन ठेवला अन् योगिनीला म्हणाले, "खोट्यावर रेघ मारली म्हणून ते खरं होत नाय, बाळा. छापील किंमत शंभर कर. विक्री शंभर."

"मग काय शून्य टक्के सूट म्हणून पाटी लावू?"

"लाव."

तिनं रागानं लावली. नऊ दिवसांत दोन पुडे गेले. ऑनलाइन विक्रीच्या कंपनीतल्या माणसानं फोनवर बजावलं, "मॅडम, सूट नसली की माल यादीत खाली जातो, कुणी बघत नाही." सखूबाई फोनवर म्हणाली, "आक्का, तुझा देव तुला सांभाळील. आमी काय वाती खायच्या?" मी नेमाच्या वाती वळत राहिले.

दहाव्या दिवशी योगिनी स्वयंपाकघरातून ओरडली, "आई! चाळीस पुडे!" संध्याकाळपर्यंत साठ. आधी सगळे औरंगपुऱ्यातले, मग गुलमंडी, मग सिडको. मनकर्णाबाईंनी भजनी मंडळात सगळी हकीकत सांगितली होती. एका बाईनं फोनवर आमच्या वातींच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'चार पुडे उघडून मोजले. पाचशे म्हणजे पाचशे. अन् किंमतही खरी.'

आठवड्यात सखूबाईचा फोन. "आक्का, अजून चार बाया बसवल्या. कापूस धाड लवकर!"

"का? वाती खाणार होतीस ना?"

माझ्या तोंडून टोमणा ऐकून ती इतकी हसली, की मलाही हसू आवरेना.

कंपनीचा माणूस पुन्हा आला फोनवर. सणाचा सेल येतोय, किंमत वाढवून सूट दाखवा म्हणे. योगिनीनं फोन माझ्या हातातून घेतला. "दादा, आमच्याकडं शून्य टक्के चालू हाय. कायमची ऑफर," म्हणाली, अन् माझ्याकडं बघून डोळे मिचकावले.

शेवटच्या सोमवारी पहाटे एकशे आठ वाती झाल्या. मग तीस पुडे एकेक करून पिशवीत भरले.

"आई, उपास हाय तुमचा, ऊन चढेल. मी देऊन येते ना," योगिनी म्हणाली.

"सोता आणते म्हणलेय, बाळा." पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या, दार हळूच ओढून घेतलं अन् कोपऱ्यावरच्या रिक्षाकडं चालू लागले.