चिनाराचा महिना

उस्मानने पिठाने माखलेला पंजा बोटं फाकवून फळीवर दाबला आणि उचलला.

"एवढं असतं बघ चिनाराचं पान. आणि रंग? पिकलेलं काजूचं बोंड!"

मुस्तफा कांदे चिरत होता. आखातातल्या मिरकाबमधल्या त्या ऑफिसच्या मेसमध्ये हे दोघंच आचारी, दोघंही रत्नागिरीकडचे. हे पान मुस्तफाने महिन्याभरात निदान वीस वेळा पाहिलं होतं.

त्रेपन्न साली मुंबईच्या एका सेठबरोबर स्वयंपाकी म्हणून उस्मान काश्मीरला जाऊन आला होता. नऊ वर्षं झाली, पण तिथली पानगळ कशी बघावी हे तो अजून मास्तरच्या थाटात सांगायचा. सकाळी जायचं नाही, धुकं असतं. असरच्या नमाजाआधी तासभर, ऊन कललं की डोंगराच्या पायथ्याच्या बागेत जायचं. लांबून बघणारे खुळे. झाडाखाली उताणं पडायचं आणि वर बघायचं, मग उजेडच लाल होतो.

लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्याने शरीफाला हे दाखवायचा शब्द दिला होता. त्याला पाच वर्षं झाली. रजा दोन वर्षांतून एकदा मिळायची, आणि मागची सासऱ्यांच्या आजारपणात गेली. आता चुकलं तर थेट चौसष्ट साल. बायको बोलून दाखवत नव्हती, पण ते न बोलणंच उस्मानला टोचायचं.

"एक जुलैला बोटीत बसायचं. मग मुंबई, पठाणकोट आणि वर," तो म्हणाला.

मुस्तफाची सुरी थांबली. "जुलैत पानं लाल?"

"महिना पक्का आहे रे! सफर महिन्याचा शेवटचा बुधवार. त्या दिवशी हिरवळीवर जाऊन जेवायची आपल्यात चाल आहे ना? सेठने मला मुद्दाम सुट्टी दिली होती. शिऱ्याचा डबा घेऊन मी त्या बागेत गेलो, तेव्हा सगळं पेटल्यासारखं लाल. यंदा सफर जुलैत येतो. कॅलेंडर बघूनच रजेचा कागद भरलाय."

 मुस्तफा इतका हसला की कांद्याचं पाणी आणि हसण्याचं पाणी एक झालं.

"अरे शहाण्या! चोपन्न साली तू इथे आलास, तेव्हाचे रोजे आठव. मे महिना, जीभ टाळूला चिकटायची. आणि यंदाची पहाटेची सेहरी?"

"गोधडीत बसून..." उस्मान बोटांवर महिने मोजू लागला. आपले चांदाचे महिने दर साली दहा-अकरा दिवस मागे सरकतात. झाडांना ते कोण सांगणार?

तो मटकन पिठाच्या गोणीवर बसला. "नऊ रमजान सेहरीला चूल मीच पेटवली रे. माझ्या कसं लक्षात नाही आलं?"

मुस्तफाला ते तोंड बघवेना. "माझी नोव्हेंबरची रजा तू घे. तुझी मी घेतो."

"आणि तुझ्या भाच्याचं लग्न?"

"बहिणीला लिहितो, जुलैत उरका म्हणून. भर पावसात मांडव घालायचा म्हटल्यावर शिव्या घालील. घालू दे."

ड्युटी संपल्यावर उस्मान जवळजवळ धावतच घरी आला. शरीफा सुकट निवडत होती.

"वाचलो गो! रजा नोव्हेंबरात करून आलो!" आणि आपलाच गाढवपणा त्याने मीठमसाला लावून सांगितला.

शरीफा हसली नाही. तिने सूप बाजूला ठेवलं.

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"जुलैत लाल नसतात ते. तुम्ही कागद भरून आलात त्याच दिवशी कळलं. महिने मोजल्याशिवाय बाईमाणसाचं चालतं होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर लगेच बदलून आला असता. आज आलात तसे!"

उस्मान तिच्यासमोर खाली टेकला.

"चार वर्षं झाली मला इथे," शरीफा म्हणाली. "खिडकी उघडली की धूळ, लावली की धुळीचा वास. वाऱ्याने सळसळणारं एक झाड इथे बघितलं नाही मी. तुम्ही त्या लाल पानांचं कौतुक करता, मी हं हं करते. मनात म्हणते, या अल्ला, तीच झाडं गळायच्या आधी दिसू देत. वाळकी पानं बघायला इतक्या लांब कशाला जायचं? मला हिरवी बघायचीत."

पाच वर्षं आपण हिला एकदाही विचारलं नाही, हे उस्मानच्या मनात आलं आणि त्याला फार लाज वाटली. पण लाजेपेक्षा खुशीच जास्त झाली. सूप तिच्या हातात देऊन तो आला तसा चपला सरकवून निघाला.

मुस्तफा पलंगावर मांडी घालून पत्र लिहीत बसला होता. अर्धं पान भरून झालं होतं.

"फाड ते," दारातूनच उस्मान म्हणाला. "लग्न नोव्हेंबरातच होऊ दे. मी जुलैत जातो."

"जुलैत? आणि तुझी लाल पानं?"

"खुळा की काय तू!" उस्मान म्हणाला. "वाळकी पानं बघायला इतक्या लांब कोण जातं?"