येसूच्या डोक्यावरची चुंबळ

नवल वाटेल तुम्हाला, पण आज मी बोलणार आहे. मी चुंबळ. जुन्या लुगड्याच्या चिंध्या पिळून, गोल वळून, वरून पट्टीनं घट्ट आवळलेली कडी. माणसाचं डोकं आणि त्यावरचं ओझं यांच्यामध्ये माझी जागा. ओझ्याखाली मी दबते, डोकं मोकळं झालं की मला कोपऱ्यात फेकतात. तक्रार कधी केली नाही. आता थकले आहे, आणि थकलेल्याला भीड राहत नाही.

कासू स्टेशनापासून आत, डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिथल्या येसूनं लग्नातलं हिरवं लुगडं विटलं तेव्हा ते दातानं टराटरा फाडलं आणि मला वळलं. त्याला सतरा वर्षं झाली. तेव्हापासून पेणच्या बाजारात नेलेल्या मोळ्या, नदीवरचे हंडे, दुसऱ्यांच्या शेतातले भाताचे भारे, सगळं माझ्यावर बसून गेलं. दिवाळीनंतर वीटभट्टी. फळीवर एका खेपेला बारा विटा. माझी एक कड तिथल्या धगीनं करपली. ती अजून तशीच कडक आहे.

रस्त्यानं जाणारे येसूकडं बघत राहायचे. एकदा एकानं गाडी थांबवून फोटो काढला आणि बायकोला म्हणाला, "बघ, हात न लावता हंडा नेते! काय चाल आहे!" हंडा किती लांबून आणतेस, हे काही त्यानं विचारलं नाही.

गेल्या आषाढात लावणी चालू होती. रोपांच्या जुड्या डोक्यावर घेऊन बांधावरून जाताना येसू डावीकडं कलली. सतरा वर्षांत मी तिच्या डोक्यावरून पडले नव्हते. त्या दिवशी चिखलात पडले आणि माझ्या शेजारी ती पडली. शेताचा मालक म्हणाला, "उपाशी असंल. चहा पाजा." चहा तिच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळला, तेव्हा तिची सून राणी किंचाळली, "आत्याच्या अंगावरून वारं गेलं!"

दवाखान्यात जीव वाचला. पुढं हात-पायही थोडे हलायला लागले. पण येसूला बसता येईना. बसवलं की अर्धं भरलेलं पोतं कलंडावं तशी डाव्या कुशीवर जायची. परसाकडंसुद्धा राणी काखेत हात घालून न्यायची. तेवढा वेळ येसू तोंड दुसरीकडं वळवून ठेवायची. मी तेव्हा तिच्या उशाला असायचे. तिचं तोंड का वळायचं ते मला कळत होतं.

भाद्रपदात भट्टीचा मुकादम हैबतराव वाडीवर माणसं ठरवायला आला. ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवलेल्या येसूकडं बघून तिच्या लेकाला, सोमाला म्हणाला, "दिवाळी झाली की ट्रक येईल. मला जोडी पायजे, तू नि राणी. एकटा नको. आणि ही? हिला ट्रकात बसता तरी येईल काय? का मालासारखी दोरीनं बांधून न्यायची?"

चारचौघं हसली. येसूच्या समोर.

तो गेल्यावर ती राणीला म्हणाली, "माझी मी उठले-बसले तर तू जाशील. नायतर तू माझ्या पायात अडकशील नि सोमाचं पण काम जाईल. मला दिवाळीपर्यंत बसायला शिकवा गो."

रोह्याला एका संस्थेचं व्यायामाचं केंद्र होतं, फक्त गुरुवारी उघडणारं. सोमा आईला पाठुंगळीला मारून कासूला गाडीत चढवायचा. उशाला लागते म्हणून राणी मलाही पिशवीत टाकायची. तिथं नूतन नावाची तरुण डॉक्टरीण होती. औषधाची नाही, व्यायामाची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मावशी, हातपाय नंतर. आधी धड. झाडाचा बुंधा हलत असेल तर फांद्या काय करणार?"

त्यासाठी तिला मोठा निळा चेंडू हवा होता. त्यावर बसलं की तोल सांभाळता सांभाळता पोटा-पाठीचे स्नायू जागे होतात. चेंडू केंद्रात होताही. उद्घाटनाला फुगवला, त्याच्यासोबत फोटो झाले, मग हवा काढून कपाटात ठेवला. किल्ली ज्या साहेबांकडं, ते महिन्यातून एकदा यायचे. चेंडू हरवू नये म्हणून कुलूप! माणसं हरवली तर चालतात.

मग नूतन तोंडीच सांगू लागली. "पोट आत, पाठ ताठ. मावशी, तुमची कोअर कमी पडतेय, ती वाढवायची."

येसूनं राणीकडं बघितलं. पुढच्या गुरुवारी पदराची गाठ सोडून तिनं तांदळाच्या भाकरीचा तुकडा बाकड्यावर ठेवला. "ही बघा, आणली कोर. रोज एक जास्त खाते आता. पण बसता काय येत नाय."

नूतन हसता हसता रडकुंडीला आली. राणी म्हणाली, "बघा बाई, सात दिवस माझ्या वाटची खाल्ली हिनं!" मग येसूही हसली, अर्ध्या तोंडानं. वारं गेल्यापासून पहिल्यांदा.

नूतनला म्हणायचे होते पोटा-पाठीचे स्नायू; त्या दिवसापासून तिनं तो इंग्रजी शब्द टाकला. तिनं विचारलं, "मावशी, मोळी घेऊन चालताना काय करता तुम्ही?"

"काय करायचं? पोट धरायचं नि चालायचं. पोट सुटलं की मोळी गेली."

"हां! तेच मला पाहिजे." नूतनची नजर माझ्यावर पडली. "चेंडू नाही तर नाही. ही चुंबळ खाली ठेवून तिच्यावर बसा. जागा जरा डगमगती झाली की धड आपोआप काम करतं."

येसू भडकली. "डोक्यावरची वस्तू बुडाखाली? नाय बाय. पडून राहीन, पण ते नाय करणार." खरं सांगते, मलाही तो अपमानच वाटला.

"बरं, मग डोक्यावर घ्या," नूतन म्हणाली. तिनं बाकड्याच्या कडेला येसूला बसवलं, पाय जमिनीला टेकवले, मला डोक्यावर ठेवलं आणि माझ्यावर पाण्यानं अर्धा भरलेला तांब्या. मागून तिचे हात तयारच होते. "पाणी सांडायचं नाही."

पहिल्या दिवशी मी ठिबकत घरी आले. घरी रोजचा नेम सुरू झाला. पाठीवर निजून गुडघे दुमडायचे, कंबर उचलून दहापर्यंत थांबायचं. मग ओट्याच्या कडेला बसून तांब्या डोक्यावर, आणि उजव्या हातानं डाव्या बाजूच्या खुंटीवरचं फडकं काढायचं. राणी मागं उभी. तांब्या डुचमळायचा, मी भिजायचे, येसू शिव्या घालायची, पुन्हा बसायची. नवरात्रात माझी फक्त एक कड ओली व्हायची, आणि येसू राणीचा हात धरून उभी राहून चार पावलं टाकू लागली. दसऱ्याला मी कोरडी राहिले. सतरा वर्षांत एवढं हलकं ओझं मी वाहिलं नव्हतं आणि एवढं जड कुठलंच वाटलं नव्हतं.

त्यानंतरच्या गुरुवारी केंद्राच्या दारावर कागद होता: 'उपक्रम तात्पुरता बंद.' नूतनची नेमणूक संपली होती. ती निरोप घ्यायला मुद्दाम दारात थांबली होती. येसूचा हात धरून म्हणाली, "बसण्याचं आणि उभं राहण्याचं सोडू नका. पण तांब्याच्या वर ओझं नाही. वीट तर नाहीच." कपाटातल्या चेंडूचं काय झालं, मला माहीत नाही. आतच असेल.

दिवाळी झाली. ट्रक आला. भांडी, गोधड्या, कोंबड्या चढू लागल्या. तेवढ्यात येसू ओट्यावरून उठली. सावकाश, कुणाला न धरता घरामागं गेली, परसाकडं जाऊन तशीच परत आली. राणीचे दोन्ही हात पुढं झाले होते, ते तिनं मागं घेतले.

हैबतराव खूश झाला. "अरे वा! ही तर चालायला लागली! चल मग येसू, तू पण चल. बारा नको, सहा-सहा विटा घे. चुंबळ हाय ना तुझी?"

बरी झाली की लगेच डोकं मोकळं दिसतं लोकांना. सहा विटांचा भार माझ्या अंगावर तिथंच पडला. "मुकादम, डॉक्टरीणबाई म्हणाली..." राणीनं सुरुवात केली. येसूनं हातानंच तिला गप्प केलं आणि मला उचललं. हैबतरावाला वाटलं, डोक्यावर ठेवतेय.

तिनं मला ओट्यावर ठेवलं आणि माझ्यावर बसली. भिंत सोडून, दोन्ही हात मांडीवर, मोळीखाली असायची तशी ताठ.

"तुम्ही विचारलं व्हतं ना, बसता तरी येईल काय म्हणून? बघा. येतं. सोमा नि राणी येतील. मी हितंच बसणार. डोकं माझं हाय मुकादम, त्यावर काय ठेवायचं ते मी ठरवीन."

या वेळी कुणी हसलं नाही. ट्रक गेला.

आता शेजारची धोंडुबाई पाणी आणून देते. येसू रोज सकाळी माझ्यावर बसून हात पुढं करते, डावीकडं वळते, उजवीकडं वळते. मी चपटी झाले आहे, पट्टी सुटत आली आहे. बुडाखालच्या जागेचा आता अपमान वाटत नाही. उलट वाटतं, इथं आधीच यायला हवं होतं.

पण ट्रक हलताना मी एक बघितलं. मागच्या फळीजवळ बसून राणी जुनं लुगडं दातानं फाडत होती. नवी चुंबळ वळायला. ती माझी धाकटी बहीण. तिच्यासाठी हे बोलले. रस्त्यात तुम्हाला ती दिसली, तर राणीच्या चालीचं कौतुक नंतर करा. आधी ओझं उतरवायला हात लावा. आणि तुमच्याकडं कुठल्या कपाटाची किल्ली असेल, तर ते कपाट उघडा.

माझी करपलेली कड अजून कडक आहे. बसताना ती येसूला टोचते. टोचली की ती मला शिवी घालते, आणि आणखी ताठ बसते.