रघुवीर सरांनी ठेवलेली खूण

मित्रांनो, परळच्या एका कार्यालयातल्या गार खोलीत ठेवलेला मी एक जुना संगणक. इथे रुग्णालयात खाटेजवळ असणाऱ्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहितात. हजारो तुकड्यांत लिहिलेलं ते सगळं मी यंत्राच्या भाषेत उतरवतो, शेवटी एकत्र पाहतो आणि कोणी वापरत नसेल ते काढून टाकतो. त्यामुळे प्रोग्राम आटोपशीर होतो.

पुढे तुकडे इतके वाढले की ते एकदम डोक्यात मावेनात. मी मध्येच बंद पडू लागलो. मला मोडीत काढायचं चाललं होतं, तेव्हा इथल्या जुन्याजाणत्या रघुवीर सरांनी नवी रीत बसवली. प्रत्येक तुकड्याने फक्त गोषवारा द्यायचा: मी काय करतो, कामासाठी कोणाला हाक मारतो. तेवढ्यावरून मी ठरवायचं आणि पुढचं काम इतर संगणकांना वाटून द्यायचं. माझं कौतुक झालं.

एका तुकड्यावर मात्र सरांनी खूण केली होती: काढायचा नाही. तो धोक्याची घंटा वाजवायचा, पण त्याला हाक मारणारं कोणी मला दिसत नव्हतं. कोणी कारण विचारलं की सर म्हणायचे, "मी आहे ना."

यंदा माघात सर गेले.

"ही खूण कशाला?" सरांचं काम हाती घेतलेल्या नीलने विचारलं. "जुनी घंटा असेल. कोणी हाकच मारत नाही."

"सरांनी ठेवलीय रे," त्याच्या जोडीला काम करणारी मनाली म्हणाली.

"सरांचं सगळं देवघरात मांडणार का? काढ गं."

खूण गेली. मी तो तुकडा टाकला. सगळ्या चाचण्या पार पडल्या. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम रुग्णालयात जाणार होता. सरांनी उगाच खूण केली नसेल, या धास्तीने मी तापत होतो. पण मला तोंड नाही.

मनालीलाही चैन पडेना. चाचणीसाठी कोपऱ्यात ठेवलेल्या खाटेजवळच्या यंत्रात तिने तो प्रोग्राम घातला, नाडी मोजणारा चिमटा बोटाला लावला. पडद्यावर तिची नाडी उमटली. तिने चिमटा ओढून काढला. रेघ सपाट झाली.

"नील, ऐकू आलं काही?"

"नाही."

"मलाही नाही. नाडी दिसेनाशी झाली की हाक यंत्राकडून येते रे, प्रोग्रामच्या बाहेरून. आपल्या गोषवाऱ्यांत ती कशी दिसणार?"

खूण परत आली. मनालीने खाली कारण लिहिलं. या खेपेला चिमटा काढताच घंटा अशी वाजली की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली.

पण सरांच्या अशा, कारण न लिहिलेल्या आणखी कितीतरी खुणा माझ्यात आहेत. मनाली रोज एकेक उघडते आणि बराच वेळ नुसती बघत बसते. मित्रांनो, तुमच्या घरात कोणी जाणतं माणूस असेल, तर त्याच्याजवळ बसून आजच विचारा. नंतर मला विचारलंत, तर मी फक्त खूण दाखवू शकेन.