नऊ अंशांचे पाणी

योशिनोबूने पडद्यावरचा आकडा वाचला, मनात साठपर्यंत मोजले आणि पुन्हा वाचला. नऊशे दहा मीटरचे आठशे पंच्याऐंशी झाले होते.

"पस्तीस मिनिटं," तो म्हणाला. "मग खडक."

"आणि तटरक्षकवाले?" शिगेहारू बोटीच्या मागच्या कडेवर पालथा पडून पाण्यात पाहत होता.

"चाळीस म्हणाले."

"वा! म्हणजे पाच मिनिटं खडकावर बसून वाट बघायची. जेवणाचा डबा सोबत घ्या, दाजी."

इंजिन बंद पडताना मोठा आवाज झाला नव्हता. एक हिसका बसला आणि कंप थांबला, एवढेच. बोटीच्या तळच्या पंख्यात कुठलासा वाहत आलेला दोर गुंडाळला गेला होता. खाली साठ मीटर पाणी आणि नांगराचा दोर पन्नास मीटर, त्यामुळे नांगराचा विचार तिथेच संपला. वायव्येचा वारा बोटीला तोत्तोरीच्या कड्यांकडे संथपणे ढकलत होता. योशिनोबूने बत्तीस वर्षे भरती-ओहोटी मोजण्याच्या नोकरीत काढली होती. वाऱ्याबद्दल त्याची तक्रार नसे. वेग कळला की पुरे.

या सहलीची कल्पना त्याची नव्हती, शिगेहारूचीही नव्हती. ती फुमिएची: एकाची बायको, दुसऱ्याची थोरली बहीण. चार वर्षे हे दोघे सणासुदीला समोरासमोर बसत आणि हवामानावर बोलत. "तीन दिवस एका बोटीत राहा," असे तिने धक्क्यावर बजावले होते. "बोला, नाहीतर बुडा." हा दुसरा दिवस होता आणि अजून बोलणे झाले नव्हते.

शिगेहारूने आकडीची काठी पाण्यात घालून दोर जवळ ओढला. दोराच्या दुसऱ्या टोकाला जाळ्याचे गाठोडे होते, चिखलाच्या रंगाचे, जड. ते हळूहळू वर आले आणि पाण्याच्या पृष्ठभागाखाली एकदा फिरले. जाळ्याच्या आत केशरी रबरी पोशाख होता. एका पायात बूट होता. चेहऱ्याच्या जागी चेहरा उरला नव्हता.

पाण्यात तीन आठवडे, फार तर चार, असा हिशेब योशिनोबूच्या डोक्यात आपोआप झाला. त्याने तो ओठांबाहेर येऊ दिला नाही.

"माझा नाही," शिगेहारू म्हणाला. "चार वर्षांनी असं काही राहत नाही, एवढं मलाही कळतं. तुम्ही मोजू नका."

"मी काही बोललो का?"

"तोंड बंद ठेवूनही तुम्ही मोजता."

योशिनोबूने घड्याळ पाहिले. "सत्तावीस मिनिटं. पंख्यापाशी दोर कापला तर हे तळाला जाईल. आधी बोटीला बांधावं लागेल."

"बांधू. पण आधी विचारायचं."

"काय विचारायचं?"

"पाण्यातल्याला न विचारता हात लावत नाहीत. आमच्या बापानं दोनदा उचललं, दोन्ही वेळा विचारून. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं त्याच्या वतीनं उत्तर द्यायचं. मी म्हणणार, वर घेतो तुला, मासे देशील ना? तुम्ही त्याच्या पाठीमागे उभं राहून म्हणायचं, देईन. एकच शब्द."

"तू तर मासेमारी सोडलीस."

"म्हणून रीत सोडली का?"

"शिगे, सव्वीस मिनिटं राहिलीत."

"मग लवकर उभे राहा."

वाद घालण्यात दोन मिनिटे जातील, रीत पाळण्यात एक. योशिनोबू उठला आणि बोटीच्या डाव्या कडेला, गाठोड्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. शिगेहारू गुडघ्यांवर बसला. त्याने डोक्याचा रुमाल सोडून मांडीवर ठेवला.

"वर घेतो तुला," तो पाण्याकडे पाहत म्हणाला. मग थांबला. लाटेने गाठोडे बोटीला एकदा आपटले.

"आमचा तात्सुरो तिकडेच आहे. त्याला... खरंच तीन तास लागले का रे?"

तीन तास हा आकडा योशिनोबूनेच दिलेला होता.

फेब्रुवारीतली ती संध्याकाळ, मच्छीमार संस्थेचे सभागृह, रॉकेलची शेगडी. स्क्विड पकडणाऱ्या बोटीवरून शिगेहारूचा पोरगा पडून पाच तास झाले होते. पाण्यात माणूस किती वेळ तग धरतो, असे शोध घेणाऱ्या अधिकाऱ्याने विचारले होते आणि सगळ्या गावाने या शिकलेल्या जावयाकडे पाहिले होते. पाणी नऊ अंश, तो म्हणाला होता. जास्तीत जास्त तीन तास. शोधणाऱ्याला नेहमी कमाल मर्यादा सांगायची असते, म्हणजे शोध अपुरा पडत नाही. उत्तर अचूक होते. शिगेहारूने तेव्हा पोरासाठी भरून आणलेला फ्लास्क उचलला, मोरीपाशी नेला आणि सावकाश पालथा केला. त्यानंतर त्याला कोणी गरम चहा पिताना पाहिले नव्हते. कालपासून योशिनोबूने तीनदा फ्लास्क पुढे केला होता आणि तीनदा "राहू द्या" ऐकले होते.

किमान मर्यादा त्याला कोणी विचारली नव्हती. चार वर्षे हा माणूस ते तीन तास मिनिटामिनिटाने मोजत आला होता, हे आत्ता त्याच्या ध्यानात आले. इतक्या गार पाण्यात कपड्यांसकट अचानक पडलेला माणूस पहिला श्वास ओढतो तो पुष्कळदा पाण्याचाच असतो. हे त्याला त्या संध्याकाळीही ठाऊक होते.

"नाही," तो म्हणाला. "नाही लागले. तीन तास ही शेवटची हद्द असते. पहिल्याच श्वासाला पाणी आत गेलं असेल. दोन मिनिटं."

"असेल?"

बावीस मिनिटे उरली होती. कड्यांवर फुटणाऱ्या लाटांचा आवाज आता वेगळा ऐकू येऊ लागला होता.

"गेलं," योशिनोबू म्हणाला.

शिगेहारूने मान हलवली. रुमाल पुन्हा डोक्याला बांधला. "दोर द्या."

त्यांनी गाठोड्याखालून दोर घेतला आणि ते डाव्या कडेला खुंट्याशी आवळून बांधले. मग शिगेहारू दातांत सुरी धरून पाण्यात उतरला. चार बुड्या लागल्या. तिसऱ्या बुडीनंतर त्याला काठी धरवेना, म्हणून योशिनोबूने त्याचे मनगट धरून ठेवले. चौथ्यानंतर त्याला वर ओढून त्याने किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकले आणि सुरू झाले. पडद्यावर एकशे चाळीस मीटर होते.

बोट वाऱ्याकडे तोंड करून खोल पाण्याच्या दिशेने सरकू लागली. वेग वाढवता येत नव्हता. डावीकडचे ओझे दर लाटेला बोटीवर आपटत होते. शिगेहारू पंचा गुंडाळून बसला होता. त्याचे दात वाजत होते.

"फ्लास्कमध्ये काही उरलंय का?"

योशिनोबूने झाकणात चहा ओतून पुढे केला. शिगेहारूने ते दोन्ही हातांनी धरले, पण लगेच प्यायला नाही.

"जपून. गरम आहे."

"किती अंश?"

"मोजलं नाही," योशिनोबू म्हणाला आणि पुन्हा सुकाणूकडे वळला.