ताईंचं मनगट आणि छकुलीचा विमा

मी हीटर बोलतोय. पाणी तापवणारा नव्हे. तो न्हाणीघरात असतो आणि त्याला काडीची अक्कल नसते. मी ब्यूटी पार्लरमधला, वॅक्स वितळवणारा हीटर. दिसायला लहानशा कुकरएवढा. पोटात भांडं, पुढे एक गोल बटण आणि एक लाल दिवा. स्वभावाने तापट आहे, पण तापणं हाच माझा धंदा, त्याला मी काय करणार?

माझा जन्म कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावर आम्ही सगळे भाऊ एका तोंडवळ्याचे, एकमेकांना ओळखायची सोय नाही. तिथून दुकानाच्या फळीवर आलो, ते थेट केस वाळवायच्या ड्रायरच्या शेजारी. ही ड्रायरची जात भारी बडबडी. कंटाळून गेलो होतो, तेवढ्यात एक बाई आल्या. त्यांनी मला उचललं, माझं बटण फिरवून पाहिलं, झाकण उघडून नाक आत घातलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, हाच द्या. घरी नेताना मला पिशवीत ठेवलं नाही, मांडीवर घेतलं. मी तिथेच विरघळलो.

याच आमच्या ताई. दुसऱ्यांच्या पार्लरमध्ये वर्षानुवर्षं केस झाडून झाल्यावर त्यांनी स्वतःचं पार्लर थाटलं होतं. एक खोली, एक खुर्ची, एक आरसा आणि मी. भिंतींना रंग त्यांच्या यजमानांनी स्वतः दिला. ते गाडी चालवायला शिकवतात. रंग जरा वाकडातिकडा झालाय, पण ते शिकवतात चांगलं.

ताईंची एक सवय होती. वॅक्स वितळलं की लाकडी चमच्याने एक थेंब स्वतःच्या डाव्या मनगटावर घ्यायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचं, हं, झालं. त्यांच्या गुरूंनी त्यांना तेच शिकवलं होतं. मग पावडर, मग वॅक्स, मग कापडी पट्टी आणि सर्रकन ओढ. आत आलेली बाई ओरडायची आणि लगेच हसायची. माणसांचं मला हेच कळत नाही. पैसे देऊन ओरडायला येतात आणि जाताना पुढच्या महिन्याची वेळ ठरवून जातात.

आता छकुलीची ओळख करून देतो. छकुली म्हणजे ताईंची नणंद. चांगली भरल्या अंगाची, चाळिशीची, खणखणीत आवाजाची बाई, पण घरात लहानपणी पडलेलं नाव काही सुटलं नाही. ती विम्याचं काम करते. रोज दुपारी आमच्याकडे चहाला यायची, खुर्चीच्या दांडीला टेकायची, पण खुर्चीत म्हणून कधी बसली नाही. हातावर लव ही अशी, कोपरापर्यंत. जगाला संकटांची भीती घालणाऱ्या या बाईला वॅक्सची मात्र भयंकर भीती. माझा लाल दिवा लागला की चहाचा कप उचलून दारापाशी जाऊन उभी राहायची. मला फार बरं वाटायचं.

पार्लरचा विमा काढ, म्हणून तिने ताईंच्या मागे टुमणंच लावलं होतं. कुणी ओल्या फरशीवर घसरलं, कुणाची कातडी भाजली, तर भरपाई कंपनी देते, वहिनी, तुझं पार्लर विकायची वेळ येत नाही. ताई हसायच्या. माझा हात हलका आहे, म्हणायच्या, माझ्याकडून कुणी भाजलंय का आजवर? शेवटी नणंदेचं मन कशाला मोडा, म्हणून त्यांनी सही केली. विमा निघाला आणि विषय मिटला. तरी ताई तिला चिडवायच्या की, तुझा माझ्या हातावर विश्वास नाही, म्हणून तू खुर्चीत बसत नाहीस आणि म्हणूनच विमा काढलास. छकुली आपली चहात बिस्किट बुडवायची.

इकडे एक गोष्ट हळूहळू घडत होती, आणि ती फक्त मला कळत होती. रोज गरम थेंब घेऊन घेऊन ताईंच्या मनगटाची कातडी जाडभरडी झाली होती. पूर्वी जे त्यांना गरम लागायचं ते आता कोमट लागायला लागलं. मग त्या माझं बटण जरा पुढे सरकवायच्या. काही महिन्यांनी आणखी जरासं. मी आपला सांगितलं तेवढं तापत होतो. हातापायांचं वॅक्स करताना बायका म्हणायच्या, ताई, आज जरा गरम आहे हं. ताई म्हणायच्या, गरम असलं की केस मुळापासून निघतात.

अशात एक दिवस बँकेतल्या कॅशियरबाई आल्या. जुन्या गिऱ्हाईक. त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीचं लग्न होतं. हात झाले, पाय झाले, उठता उठता त्या म्हणाल्या, ओठांवरची लवही काढून टाका, फोटोत नको दिसायला. एरवी ताई तिथे दोरा फिरवायच्या. पण बाईंना घाई होती आणि माझ्यात वॅक्स तयार होतं. ताईंनी मनगटावर थेंब घेतला, डोळे मिटले, हं, झालं, म्हणाल्या आणि बाईंच्या ओठांवर वॅक्स लावलं.

कॅशियरबाई इतक्या जोरात ओरडल्या की बाहेर उभी असलेली छकुली कपासकट आत आली. ताईंनी गार पाणी लावलं, ओली फडकी ठेवली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंच्या ओठांवर तपकिरी खपली धरली, नेमकी मिशीच्या आकाराची. मिशी काढायला आल्या होत्या आणि मिशी घेऊन गेल्या.

हसू नका. त्या दिवशी आमच्याकडे कुणी हसलं नाही. ताईंनी दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसून रडल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी जमवलेली एकच गोष्ट ती खोली होती, आणि ती हातची जाणार असं त्यांना वाटत होतं. छकुलीने मात्र एक मिनिट दवडलं नाही. कंपनीला कळवलं. वहिनीला उठवलं, कॅशियरबाईंच्या घरी पाठवलं, त्यांना कातडीच्या डॉक्टरकडे न्यायला लावलं. मनापासून माफी माग, म्हणाली, पण भरपाई काय द्यायची तो शब्द तू देऊ नकोस, ते कंपनी बघेल.

मग कळलं की कंपनीचे तपासनीस येणार. रात्रीच्या जेवणाचे डबे घेऊन यजमान पार्लरमध्येच आले. माणूस भला, पण बायकोचे डोळे सुजलेले बघून त्यांची बुद्धी फिरली. म्हणाले, हीटर बिघडला होता म्हणून सांग. तो काय बोलणार आहे?

मला तोंड नाही म्हणून! इतकी वर्षं यांच्या संसाराला हातभार लावला आणि हे माझं फळ. मी तापलो असतो, पण प्लग काढलेला होता. ताई मात्र मान खाली घालून डबे उघडत राहिल्या, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

तपासनीस आले. झुपकेदार मिशा, हातांवर अस्वलासारखे केस. त्यांनी मला चालू केलं, वॅक्समध्ये तापमापक घातलं, बटणाशी आकडा ताडून पाहिला. आकडा जुळत होता. ते बुचकळ्यात पडले. रोज एवढंच तापवता? त्यांनी विचारलं. ताईंनी थेंब मनगटावर घेतला, डोळे मिटले. कोमट आहे, म्हणाल्या. साहेबांनी स्वतःच्या मनगटावर थेंब घेतला आणि "आई गं" म्हणून उडीच मारली.

ताई त्यांच्या लाल झालेल्या मनगटाकडे बघत राहिल्या, मग स्वतःच्या मनगटाकडे. सगळं त्यांच्या लक्षात आलं. यजमान दारातून डोळ्यांनी खुणा करत होते. मी जीव मुठीत धरला होता.

"हीटर चांगला आहे, साहेब," ताई म्हणाल्या. "माझ्या हाताला आता कळेनासं झालंय. चूक माझी आहे." आणि मग अगदी हळू, "आता विमा मिळणार नाही ना?"

"का नाही?" साहेब मनगट फुंकत म्हणाले. "माणसं चुकतात म्हणून तर आमचं पोट चालतं. तुम्ही हीटरवर ढकललं असतंत, तर मात्र मी काही करू शकलो नसतो."

शहाणा माणूस. फक्त तोवर त्यांच्या मनगटावर वॅक्स घट्ट बसलं होतं. ते काढायचं म्हणजे ओढावं लागणार, हे ताईंनी त्यांना हळुवारपणे सांगितलं. आमच्या खोलीत आजवर इतकं जोरात कुणी ओरडलेलं नाही.

कंपनीने कॅशियरबाईंच्या औषधपाण्याचा सगळा खर्च दिला, लग्नाच्या फोटोंतली मिशी पुसून घेण्याचासुद्धा. खपली पडली, खाली नवी गुलाबी कातडी आली, आणि बाईंनी अल्बम पार्लरमध्ये आणून दाखवला. एक फोटो त्यांनी मुद्दाम पुसू दिला नव्हता. त्यात त्या जावयापेक्षा रुबाबदार दिसत होत्या.

सगळं सुरळीत झालं, पण ताईंचा हात गेला. हात म्हणजे धीर. दोरा फिरवायच्या, केस कापायच्या, पण माझ्यावर टॉवेल टाकून ठेवला. वॅक्सचं कुणी विचारलं की, सध्या बंद आहे, म्हणायच्या. कंपनी सगळं भरून देते, पण हे कुठून देणार?

एक दिवस दुपारी छकुली आली. चहा घेतला नाही. टॉवेल ओढून काढला, प्लग लावला, बटण सुरुवातीच्या खुणेवर आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीत बसली. बाही वर केली. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले, आणि तो जंगलासारखा हात पुढे.

ताई म्हणाल्या, "अगं, तुला भीती वाटते ना?"

"खूप वाटते," छकुली म्हणाली. "लाव. विमा आहे."

ताई हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. मग थेंब घेतला, तो स्वतःच्या नव्हे, छकुलीच्या मनगटावर. विचारलं, चालेल? छकुलीने डोळे मिटूनच मान हलवली.

आज मी म्हातारा झालोय. झाकण सैल झालंय, दिवा कधी लागतो, कधी रुसतो. माझ्या बटणापाशी ताईंनी लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिलाय, त्याच्या पुढे मला जायची परवानगी नाही. बायांनो, तुम्ही कधी अशा खुर्चीत बसलात तर पहिला थेंब स्वतःच्या मनगटावर मागून घ्या, आणि गरम लागला तर लाजू नका, सांगा. आता मला जाऊ द्या. छकुलीची यायची वेळ झाली. चहाला रोज येते, पण दर महिन्याला एकदा खुर्चीत बसते आणि अजूनही वॅक्स लावायच्या आधीच ओरडते.